डांगाणातलं मत

आमच्या आजीला आमदाराबद्दल काही विचारलं, की ती आधी पाण्याचं सांगायची. अकोले तालुक्याच्या पश्चिम अंगाला, आम्ही ज्याला डांगाण म्हणतो, तिथली ती. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि थोडं पुढं आली, की भंडारदऱ्याला अडते. हे धरण 1926 साली पुरं झालं. आजीच्या वडलांची भाताची खाचरं त्यात गेली म्हणतात. किती गेली, बदल्यात काय मिळालं, हे घरातला प्रत्येक जण वेगळंच सांगतो. पाणी खाली गेलं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. खाली संगमनेर-श्रीरामपुराकडं ऊस उभा राहिला, 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना निघाला. वर आमच्या बाया उन्हाळ्यात झऱ्यापाशी हंडे लावून रात्र काढत. धरण उशाला, कोरड घशाला.

आजीचं पहिलं मत कधीचं? कधी ती बावन्न सालचं म्हणायची, कधी सत्तावन्नचं. दोन्ही वेळा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चित्र. बैलजोडी तिला पक्की आठवायची. पहाटे निघताना नाचणीची भाकर आणि खुरासणीची चटणी फडक्यात बांधून घेतली होती, हेही. धाकट्या नणंदेला कडेवर घेऊन ओढा ओलांडला म्हणायची. त्या नणंदेला, म्हणजे आमच्या आत्याआजीला, विचारलं तर ती म्हणे, मी तेव्हा चांगली चालती होते!

अकोल्याची जागा आदिवासींसाठी राखीव. आपल्यातलाच माणूस मुंबईला जाणार, याचं त्या पिढीला फार अप्रूप. देवगावच्या बंडकरी राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, ही गोष्ट चुलीपुढं ऐकत ती माणसं वाढलेली. 1980 साली राजूरचे मधुकरराव पिचड निवडून आले आणि ती धरून सलग सात वेळा. मंत्री झाले, 1995 नंतर विधानसभेत विरोधी पक्षनेते. आजोबा त्या दिवसांत राजूरच्या बाजाराहून पेढे आणायचे. एरवी आमच्या घरी पेढा सणालाच.

एकाच माणसाकडं चौतीस वर्षं जागा राहिली. मला विचाराल तर त्यानं डांगाणाचा आवाज मुंबईत पोचला, पण नवी माणसं पुढं यायला उशीर झाला. 2014 साली त्यांचे चिरंजीव वैभव आले. 2019 साली राजूरच्याच डॉ. किरण लहामट्यांनी त्यांना हरवलं आणि 2024 साली ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी डिसेंबरात पिचडसाहेब गेले.

पाण्याचं म्हणाल, तर भंडारदऱ्याच्या खाली, पण तालुक्यातच, निळवंड्याचं धरण झालं. 1970 पासून त्याचं घोंगडं भिजत होतं. डाव्या कालव्याचं लोकार्पण 26 ऑक्टोबर 2023 ला झालं. लाभ 182 गावांना. पुन्हा जमिनी गेल्या त्या आमच्या तालुक्यातल्या, आणि बरीचशी तहान भागली ती खालच्यांची. त्याचं वाईट नाही. पाणी माणसाच्याच तोंडी गेलं. पण वरच्या वाड्यांच्या हंड्याचा हिशेब पहिला व्हायला हवा होता, हे आजीचं म्हणणं मला आजही खरं वाटतं.

निकालाच्या कागदावर मतांचे आकडे सापडतात. कोण किती चाललं, ते नाही. तुमच्या घरात त्या पेट्या पाहिलेलं कुणी थकलेलं माणूस असेल, तर या दिवाळीत जवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा.