मनोरंजन उद्यानाचा वार्षिक पास वारंवार जाणाऱ्यांना खरोखर परवडतो का?

बेंगळुरू : मुंबईकराला पासाचे गणित वेगळे शिकवावे लागत नाही. उपनगरी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यात मिळतो, आणि नोकरदार माणूस महिन्याला त्याच्या तिपटीहून अधिक फेऱ्या करतो. २०१४ च्या जूनमध्ये हे प्रमाण १५ वरून ३० फेऱ्यांवर नेण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला, तेव्हा उठलेल्या विरोधामुळे तो काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. पास म्हणजे बचत, हे समीकरण मराठी घरांत रुजले ते असे. मनोरंजन उद्यानाच्या वार्षिक पासाकडे पाहताना हेच समीकरण नकळत वापरले जाते. मात्र लोकलने जाणे भाग असते, उद्यानात जाणे भाग नसते. हिशेब चुकण्यास येथूनच सुरुवात होते.

बेंगळुरूच्या संदर्भात हा प्रश्न प्रामुख्याने बिडदीजवळच्या वंडरलाशी जोडला जातो. कोची येथील उद्यानाच्या यशानंतर त्याच समूहाने २००५ मध्ये म्हैसूर रस्त्यालगत हे उद्यान उभारले. पुढे हैदराबाद, भुवनेश्वर आणि चेन्नई येथेही या कंपनीची उद्याने सुरू झाली. शहराच्या मध्यभागापासून बिडदीचे उद्यान सुमारे २८ किलोमीटरवर असून ते पूर्वीच्या रामनगर, म्हणजे आताच्या बेंगळुरू दक्षिण जिल्ह्यात येते. पासाचा विचार करताना तिकिटाच्या किमतीइतकेच हे अंतर महत्त्वाचे आहे.

वार्षिक पास ही कल्पना मुळात शेजाऱ्यांसाठीची आहे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले. तेथे पुढील सुमारे पाव शतक प्रत्येक खेळासाठी वेगळे तिकीट फाडून द्यावे लागे. प्रवेशाचे आणि खेळांचे पैसे वेगवेगळे घेण्याच्या या पद्धतीवर अर्थतज्ज्ञ वॉल्टर ओय यांनी १९७१ मध्ये लिहिलेला निबंध आजही अर्थशास्त्राच्या वर्गांत अभ्यासला जातो. १९८२ मध्ये खेळनिहाय तिकिटे बंद झाली आणि दिवसभराचा एकच प्रवेश रूढ झाला. वार्षिक पासाला अर्थ आला तो त्यानंतर. डिस्नेलँड भरवस्तीत आहे आणि रात्री उशिरापर्यंत उघडे असते. आसपासचा पासधारक कामावरून सुटल्यावर तासाभरासाठी डोकावू शकतो, दोन खेळ खेळून, जेवून घरी परतू शकतो. अशा माणसासाठी पास म्हणजे जवळजवळ बागेची फेरी होते.

भारतीय उद्यानांचे तसे नाही. बिडदीचे वंडरला काय, किंवा खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका काय, ही उद्याने महामार्गालगत, शहराबाहेर आहेत आणि त्यांचा दिवस सहसा सायंकाळीच संपतो. सकाळी निघायचे, दिवस घालवायचा, थकून परतायचे, असेच तेथे जाण्याचे स्वरूप असते. व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटी परिसरात राहणाऱ्या कुटुंबाला शहर ओलांडूनच बिडदी गाठावे लागते. मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपासून चल्लघट्टपर्यंत सुमारे ४३ किलोमीटर धावते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तेथवर पोहोचली खरी, पण चल्लघट्टच्या पुढे बस किंवा टॅक्सी करावीच लागते. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाल्याने मोटारीचा वेळ वाचतो, परंतु मुख्य मार्गिकेवर पथकर आहे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून तेथे दुचाकी व रिक्षांना बंदी आहे. दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणांना सेवारस्त्यानेच जावे लागते. बिडदीची प्रसिद्ध तट्टे इडली हे या प्रवासाचे आकर्षण मानले, तरी तिच्यासाठी वर्षातून सहा वेळा शहर ओलांडणारे विरळाच.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. कोणत्याही उद्यानाचे ते दर नव्हेत. समजा, सुटीच्या दिवशीचे तिकीट १,५०० रुपये आणि वार्षिक पास ४,५०० रुपये आहे. जाहिरात सांगते की, तीन भेटींत पैसे वसूल होतात आणि चौथ्यापासून सगळे फुकट. येथे पहिली गफलत होते, ती तुलनेसाठी कोणते तिकीट धरले याची. उद्यानांचे दर सर्व दिवशी सारखे नसतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी ते कमी असतात, विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर सवलत मिळते, लहान मुले व ज्येष्ठांचे दर वेगळे असतात, आगाऊ ऑनलाइन खरेदीवरही सूट असते. ज्याला वर्षातून अनेकदा जायचे आहे, तो अनुभवाने स्वस्त दिवस शोधतोच. म्हणून तुलना फलकावरच्या सर्वांत महाग तिकिटाशी न करता, आपण एरवी घेतले असते त्या तिकिटाशी करायला हवी. ते सरासरी १,२०० रुपयांना पडत असेल, तर तीन भेटींत पैसे वसूल होत नाहीत, चौथी भेट लागते.

दुसरी गफलत अधिक खोल आहे. चौघांचे एक कुटुंब पास नसताना वर्षातून दोनदा जाते असे धरू. तिकिटांचे ९,६०० रुपये आणि प्रत्येक फेरीला प्रवास, जेवण, लॉकर, पाण्यातल्या खेळांचे कपडे यांचे मिळून २,००० रुपये, म्हणजे वर्षाचा खर्च १३,६०० रुपये. याच कुटुंबाने १८,००० रुपयांचे चार पास घेतले आणि ते चार वेळा गेले, तर एकूण खर्च २६,००० रुपये होतो. वाढलेल्या दोन भेटींसाठी १२,४०० रुपये गेले, म्हणजे प्रत्येकी ६,२०० रुपये. साधी तिकिटे काढून केलेली एक भेट ६,८०० रुपयांची असते. मोठी वाटणारी बचत भेटीमागे अवघ्या ६०० रुपयांवर येते. एखाद्या आजारपणामुळे किंवा परीक्षेमुळे भेटी तीनच झाल्या, तर ती तिसरी भेट १०,४०० रुपयांना पडते. याउलट सहा भेटी झाल्या, तर वाढलेली प्रत्येक भेट ४,१०० रुपयांवर उतरते आणि पास खरोखरच स्वस्त ठरतो. पासाने ‘फुकट’ झालेली भेट जेवणाखाण्याच्या बाबतीत फुकट नसते, हे बहुतेकांच्या ध्यानात पाचव्या थाळीनंतर येते.

सहा भेटी होतात का? माणूस स्वतःच्या भावी उत्साहाबद्दल फार आशावादी असतो. अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सदस्यांच्या नोंदी स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर या अर्थतज्ज्ञांनी तपासल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, मासिक ७० डॉलरहून अधिक शुल्काची सदस्यता घेतलेले लोक महिन्याला सरासरी ४.३ वेळाच येत होते. त्यांना एक भेट १७ डॉलरहून अधिक दराने पडत होती, तर दहा भेटींच्या कुपनांवर तीच १० डॉलरमध्ये मिळाली असती. व्यायामशाळा तर घराजवळ असते. उद्यानाच्या बाबतीत अंतराचा अडसर वेगळा, आणि खेळही तेच ते असतात. मोठा नवा खेळ दर महिन्याला येत नाही. पहिल्या दोन भेटींतला थरार चौथ्या भेटीत रांगेतल्या प्रतीक्षेपुढे फिका पडू लागतो. सुटीच्या दिवशी ही रांग टाळणारे फास्ट ट्रॅक तिकीट पासात अंतर्भूत आहे का, हे वेगळे विचारावे लागते.

पास कोणाला परवडतो याचे उत्तर त्यामुळे बरेचसे ठरलेले आहे. केंगेरी, बिडदी, रामनगर या पट्ट्यात राहणारे, आठवड्याच्या मधल्या दिवशी मोकळे असणारे, मोठ्या खेळांची उंचीची अट ओलांडलेल्या मुलांचे पालक किंवा मित्रांचा ठरलेला गट असलेले महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी त्याचा जरूर विचार करावा. उंचीचा मुद्दा क्षुल्लक नाही. अनेक थरारक खेळांना साधारण १४० सेंटिमीटर उंची लागते. मूल १३० सेंटिमीटरचे असताना पास घेतला, तर पालक वर्षभर बाहेर पिशव्या सांभाळत उभे राहतात आणि मूल छोट्या खेळांना कंटाळते. असा पास दोन वर्षांनी घेतलेला बरा. पुणे, कोल्हापूर वा बेळगावहून नातलगांकडे सुटीला येणाऱ्यांसाठी तर तिकीट हाच योग्य मार्ग आहे.

अटींचा प्रश्न अखेरीस पैशांपेक्षाही त्रासदायक ठरतो. डिस्नेलँडने २०२१ मध्ये जुने पास बंद करून नवी योजना आणली. तिचा सर्वांत महाग पास १,३९९ डॉलरचा होता आणि त्यावर कोणताही दिवस वर्ज्य नाही, असे सांगितले गेले होते. मात्र प्रवेशासाठी दिवस आधी राखून ठेवणे बंधनकारक होते. एक दिवसाची तिकिटे विकली जात असतानाही पासधारकांना तोच दिवस मिळत नाही, अशी तक्रार घेऊन प्रकरण न्यायालयात गेले. २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरच्या तडजोडीने ते मिटले. या तडजोडीच्या कक्षेत एक लाखाहून अधिक पासधारक होते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभरातील उद्याने बंद झाली, तेव्हा वर्षभराचे पैसे आधी भरण्यातला धोका येथेही दिसला. मुंबईत १९८९ पासून दोन-तीन पिढ्यांची सहल ठरलेले गोराईचे एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे. म्हणून पास घेण्यापूर्वी उद्यान बंद राहिल्यास मुदत वाढते की पैसे परत मिळतात, वर्ज्य दिवस कोणते, पास दुसऱ्याच्या नावे करता येतो का, हे लेखी मागावे. वर्षाची मोजणी खरेदीच्या तारखेपासून होते की पहिल्या भेटीपासून, हेही विचारावे. जाहीर किमतीत वस्तू व सेवा कर धरला आहे का, तेही पाहावे; उद्यानांच्या प्रवेशावर जुलै २०१७ मध्ये २८ टक्के असलेला हा कर जानेवारी २०१८ पासून १८ टक्के झाला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या असून, एकतर्फी जाचक अटींविरुद्ध दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तक्रार नोंदवताना पासाची पावती आणि खरेदीच्या दिवशीच्या अटींची प्रत हाताशी असावी.