लुईस बेट : अफूचा वाडा आणि आपला वाटा

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिक महासागरात बाह्य हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. त्यात उत्तरेला लुईस. झाडे फार कमी, वारा फार जास्त आणि जमिनीत पीट, म्हणजे चुलीत जाळायची दलदलीची माती. पश्चिम किनाऱ्याजवळ कॅलनिश गावात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उभे केलेले दगडांचे वर्तुळ आहे. नकाशावर पाहिले तर जग इथे संपते असे वाटावे. पण मी या बेटाचा इतिहास वाचत गेलो तसतसा आपलाच पत्ता सापडत गेला.

सुरुवात बुद्धिबळापासून करू. 1831 च्या सुमारास लुईसच्या ऊईग भागातल्या वाळूत वॉलरसच्या दातातून कोरलेल्या सोंगट्या सापडल्या. त्या बाराव्या शतकातल्या असाव्यात असे मानले जाते. हा खेळ भारतातून इराणला गेला, अरबांनी त्याला शतरंज म्हटले आणि त्यांच्याकडून तो युरोपात पोचला. आपण ज्याला वजीर म्हणतो त्याच्या जागी लुईसच्या पटावर गालाला हात लावून बसलेली राणी आहे. आपल्या उंटाच्या जागी बिशप आहे. खेळ तोच, दरबार तेवढा बदलला.

स्टॉर्नोवे हे बेटावरचे मुख्य बंदर. कॉलिन मॅकेन्झी इथलाच. 1783 मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाला आणि पुढे इंजिनिअर झाला. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात तो होता; त्याच लढाईत टिपू सुलतान शहीद झाले. नंतर म्हैसूरच्या जिंकलेल्या मुलखाची मोजणी त्याच्याकडे आली आणि 1815 मध्ये तो भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. मोजणी करता करता त्याने दक्षिणेतली हस्तलिखिते, शिलालेखांच्या नकला आणि नाणी जमवली. त्यात मराठी कागदही आहेत. हे काम त्याच्या हाताखालच्या कावली बंधूंसारख्या भारतीय सहायकांशिवाय झाले नसते. ज्याने आमचा मुलूख जिंकायला मदत केली त्यानेच आमचे कागद सांभाळले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी लपवू नये.

आता वाड्याकडे. स्टॉर्नोवे बंदरासमोर लूज कॅसल नावाचा भव्य वाडा उभा आहे. तो बांधला जेम्स मॅथेसनने. विल्यम जार्डिनबरोबर 1832 मध्ये त्याने कॅंटनमध्ये जार्डिन मॅथेसन ही पेढी काढली. चीनमध्ये चोरून अफू विकणाऱ्यांत ती सर्वांत मोठ्यांपैकी एक होती. या अफूवरून 1839 ते 1842 या काळात इंग्रजांनी चीनशी युद्ध केले. युद्धानंतर, 1844 मध्ये, मॅथेसनने अख्खे लुईस बेट विकत घेतले.

त्यातली बरीचशी अफू माळव्यात पिकायची आणि मुंबई बंदरातून जहाजात चढायची. मुंबईत जार्डिन मॅथेसनचे मोठे भागीदार होते सर जमशेटजी जीजीभाई. जमशेटजींच्या व्यापारात मोतीचंद अमीचंद, गोव्याचे रॉजर द फारिया आणि कोकणी मुसलमान व्यापारी मोहम्मद अली रोघे हे सोबती होते. पारशी, जैन, ख्रिस्ती, मुसलमान असे सगळे एका गलबतात! आपण याला सर्वधर्मसमभाव म्हणून मिरवतो, पण गलबतात माल काय होता हे विचारत नाही. हेच रोघे मुंबईच्या जामा मशिदीचे मोठे दाते होते. म्हणून मॅथेसनच्या वाड्याकडे बोट दाखवताना मला जपून बोलावेसे वाटते. नशा हराम आहे हे आपल्याला पाठ आहे. चीनमधल्या माणसाची नशा त्या हिशेबात धरली गेली नाही, एवढेच.

बेटावरच्या लोकांचे काय झाले? 1846 मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ आला. मॅथेसनने धान्य दिले, कामे काढली. त्यासाठी त्याला सरदारकीचा किताबही मिळाला. पण पुढे 1851 ते 1855 या काळात त्यानेच सुमारे दोन हजार लोकांना जहाजात बसवून कॅनडाला पाठवले. भाडे थकलेल्यांसमोर फारसा पर्याय नव्हता. 1874 मध्ये बर्नेरा या शेजारच्या बेटावरच्या कुळांनी चराईच्या जमिनीवरून त्याच्या कारभाऱ्याला विरोध केला. त्यांच्यातल्या तिघांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. 1886 मध्ये कायदा होऊन अशा कुळांना जमिनीवर टिकण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडच्या खोताच्या कुळाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

विसाव्या शतकात पंजाबकडची काही मुसलमान माणसे कपड्यांच्या पेट्या घेऊन या बेटावर आली. दारोदार फिरून माल विकला, दुकाने टाकली, तिथली गेलिक भाषा शिकली. हे बेट रविवार कडकपणे पाळणारे. रविवारची बोट इथे 2009 मध्ये सुरू झाली, तीही वाद होऊन. अशा ठिकाणी मे 2018 मध्ये, रमजानच्या तोंडावर, एका पडीक इमारतीची डागडुजी करून पहिली मशीद उघडली. काहींनी नाके मुरडली, पण त्याच गावातल्या चर्चच्या माणसांनी स्वागतही केले. जूनमध्ये तिथला रोजा अठरा तासांहून लांब असतो.

लूज कॅसलमध्ये आता संग्रहालय आहे आणि त्या सोंगट्यांपैकी सहा तिथे ठेवल्या आहेत. अफूच्या पैशाने बांधलेल्या वाड्यात आज बेटाच्या लोकांचा इतिहास मांडला आहे, हे मला आवडते. वाडा पाडायची गरज नसते. तो कोणाच्या पैशाने उभा राहिला, हे दारातच सांगितले पाहिजे. मुंबईतल्या धर्मशाळा, इस्पितळे, शाळा आणि मशिदी यांच्या बाबतीतही हाच नियम आपण लावू शकतो का? दात्याचे नाव संगमरवरावर कोरलेले असते. रुपयाचा मार्ग मात्र आपणच लिहायचा असतो.