सेवेला सनद कशाला?

पवनाकाठचे रावेत आता शेतांचे गाव राहिलेले नाही. बंधाऱ्याचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जाते, शिवारात उंच इमारती उभ्या आहेत. समजा, तिथली एखादी मुलगी म्हणाली, "मी समाजकार्यकर्ती म्हणून ऑस्ट्रेलियात जाते." आजी विचारील, "अगं, सेवा करायला सनद कशाला लागते?"

आजीचे खोटे नाही. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा ते गणिताचे प्राध्यापक होते. समाजकार्याची पदवी त्यांच्यापाशी कोठून असणार? ती विद्या शिकवणारी आपल्याकडची पहिली शाळा निघाली १९३६ साली, मुंबईत नागपाड्याला. सर दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीचा पैसा आणि संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट. तिलाच १९४४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणू लागले. पदवीधरांना तिथे दोन वर्षे शिकावे लागे, आणि वर्गाच्या जोडीला वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशेवर कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. त्याची पात्रता राज्य सरकारांनी ठरवायची होती. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपाठोपाठ कारखाने वाढले, तशी या शिक्षणालाही किंमत आली. १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था स्थापन झाली. कर्व्यांच्या नावानेच ही सनद मिळू लागली, याची मला मोठी गंमत वाटते!

आता परदेशाचे पाहा. ऑस्ट्रेलियात समाजकार्यकर्त्यांचा संघ १९४६ पासून आहे. स्थलांतर करू पाहणाऱ्यांची पात्रता तोच तपासतो. पदवी समाजकार्याचीच हवी, तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची. नुसते समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेला अडतो, मग त्याने महिला मंडळांत दहा वर्षे घाम गाळलेला असो. हे मला कठोर वाटते, पण नियम तसा आहे. देखरेखीखालचे क्षेत्रकार्य सुमारे हजार तासांचे, निदान दोन ठिकाणी झालेले लागते. शिवाय इंग्रजीची परीक्षा. न्यूझीलंडने २००३ साली नोंदणीचा कायदा केला आणि २०२१ पासून ती सक्तीची केली.

पुष्कळांची गाडी अडते ती या तासांपाशी. काम झालेले असते, कागद नसतो. तेव्हा शिक्षक मंडळींनी विषय निवडतानाच हे मुलांच्या कानावर घालावे. आणि मुलीने कॉलेज सोडण्यापूर्वी तास, ठिकाण व देखरेख करणाऱ्यांचे नाव लिहिलेले सहीशिक्क्याचे पत्र मागून घ्यावे. दहा वर्षांनी ती वही कोण शोधून देणार?