खोकल्याच्या औषधाचं आजोळ

घरात खोकल्याच्या औषधाची बाटली असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं एकदा वाचून पाहा. कफ सुटण्यासाठी दिलेलं औषध असेल तर ब्रोमहेक्झिन किंवा अँब्रॉक्सॉल यांपैकी एखादं नाव बहुधा सापडेल. नावं परकी आहेत आणि ही रसायनं तयार झाली तीही जर्मनीत. पण त्यांच्या वंशावळीचा माग काढत गेलं, की जर्मनीहून व्हिएन्ना, तिथून कलकत्ता, तिथून निलगिरीतलं उटकमंड असं करत करत आपण परसाच्या कुंपणाशी येऊन पोचतो. तिथे अडुळसा उभा असतो.

अडुळसा औषधी झाड म्हणून मुद्दाम कौतुकाने कुणी लावत नसे. तो लावायचा कुंपणाला. पावसाच्या तोंडावर फांदी तोडून मातीत खोचली की ती जगते, थोड्याच वर्षांत डोक्याएवढं दाट झुडूप होतं, आणि मुख्य म्हणजे गुरं त्याला तोंड लावत नाहीत. दिसेल ते ओरबाडणारी शेळीसुद्धा त्याच्या वाटेला जात नाही. तमिळमध्ये या झाडाला आडातोडै म्हणतात आणि शेळी ज्याला शिवत नाही ते झाड, असा त्याचा अर्थ लोक सांगतात. लिनियसने १७५३ मध्ये शास्त्रीय नाव ठरवताना हेच दक्षिणेकडचं नाव उचललं आणि झाडाचं बारसं जस्टिशिया अधातोडा असं केलं.

शेळीला नकोसा वाटणारा हा कडूपणाच अडुळशाच्या साऱ्या उपयोगांचं मूळ आहे. पानांतल्या कडू द्रव्यांमुळे कीड आणि बुरशी दूर राहते, म्हणून फळं साठवताना किंवा पिकत घालताना खाली-वर अडुळशाचा पाला घालण्याची रीत होती. सुकलेल्या पानांच्या विड्या करून दम्याचे रोगी त्यांचा धूर घेत, अशी नोंद जुन्या औषधिग्रंथांत आहे. आज कुठलाही डॉक्टर त्याला हो म्हणणार नाही आणि ते योग्यच आहे. लाकडाचाही उपयोग होता. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी लिहून ठेवलं आहे, की अडुळशाचं मऊ लाकूड बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या कोळशाला फार चांगलं. परसातलं झुडूप आणि तोफखाना यांचा असाही संबंध होता.

तरी घराघरात अडुळसा राहिला तो खोकल्यासाठी. त्यातलं खरं कसब आहे ते रस काढण्यात. अडुळशाचं पान वीतभर लांब, भाल्याच्या पात्यासारखं, दोन्ही टोकांना निमुळतं. ताजं पान पाट्यावर कितीही वाटलं तरी हाताला लागतो तो हिरवा चोथा, रस जेमतेम चमचाभर. म्हणून आधी पानाला वाफ द्यायची किंवा तापल्या तव्यावर ते दोन्ही बाजूंनी परतायचं. पानाचा रंग काळपट हिरवा होतो, ते लुळं पडतं, उकळत्या चहाच्या जवळपास जाणारा वास सुटतो. मग ते गरम असतानाच वाटायचं आणि फडक्यात घालून पिळायचं. आता दाट, जवळजवळ काळा रस येतो. त्यात मध घालून चाटण करायचं. नाहीतर पानं पाण्यात उकळून, जोडीला ज्येष्ठमध, बेहड्याचं साल, आलं किंवा तुळस घालून निम्म्यावर आटवायची आणि खडीसाखर टाकून काढा करायचा. साखर कितीही घाला, घोट घशाखाली उतरल्यावर कडू चव मागे राहतेच.

पानाला आधी उष्णता देण्याची ही युक्ती फार जुनी आहे. आयुर्वेदात तिला पुटपाक म्हणतात. वाटलेल्या पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि फोडून रस पिळायचा. शार्ङ्गधरसंहितेत अडुळशाच्या रसासाठी हाच विधी दिलेला आहे. तव्यावर पान परतणारी गृहिणी तोच पुटपाक आपल्या सोयीने करत असते.

ग्रंथांत या झाडाची नावं अनेक: वासा, वासक, वृष, आटरूषक. जांभळट रेघांची पांढरी फुलं जबडा उघडलेल्या सिंहासारखी दिसतात म्हणून सिंहास्य हेही एक नाव. चरकसंहितेत रक्तपित्तासाठी, म्हणजे शरीरातून रक्त पडण्याच्या विकारांसाठी, वासाघृत सांगितलं आहे. पुढे वासावलेह आणि वासकासव आले, ते आजही दुकानात मिळतात. वासा जगात आहे आणि जगण्याची आशा आहे तोवर रक्तपित्ताच्या, क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्याने खचून जायचं काय कारण, अशा आशयाचा एक श्लोक वैद्यांच्या तोंडी असतो. क्षयावर नेमका इलाज नव्हता त्या काळात हा श्लोक ऐकणाऱ्याला किती धीर देत असेल!

एकोणिसाव्या शतकात हे झाड प्रयोगशाळेत गेलं. डेव्हिड हूपर हे मद्रास सरकारचे क्विनॉलॉजिस्ट. मलेरियावरच्या क्विनाइनसाठी निलगिरीत सिंकोनाचे मळे लावले होते आणि त्या सालींची रासायनिक तपासणी हे त्यांचं काम. मुक्काम उटकमंडला. सिंकोनातून अल्कलॉइड काढण्यात तयार झालेला हात त्यांनी आजूबाजूच्या झाडांवरही चालवला. १८८८ मध्ये अडुळशाच्या पानांतून त्यांनी एक अल्कलॉइड वेगळं केलं आणि वासा या नावावरूनच त्याला व्हॅसिसीन म्हटलं. त्यानंतर मुंबईचे विल्यम डायमॉक, सी. जे. एच. वॉर्डन आणि हूपर अशा तिघांनी मिळून ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात सिद्ध केला. अडुळशाला त्यात जागा आहे. १९०० मध्ये ब्रिटिश फार्माकोपियाला हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी पुरवणी जोडली गेली, तीत अडुळशाचा रस, अर्क आणि टिंक्चर आले. कुंपणाचं झाड सरकारमान्य औषध झालं.

पुढचा टप्पा कलकत्त्याचा. तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा देशी औषधं आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहत होते. परंपरेत आहे म्हणून डोळे झाकून मान डोलवायची नाही आणि गावठी म्हणून हिणवायचंही नाही, ही त्यांची पद्धत. मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती हीच. १९२५ मध्ये घोष यांच्यासह त्यांनी अडुळशाची निरीक्षणं प्रसिद्ध केली. कफ सुटायला या पाल्याने मदत होते हे त्यांना दिसलं. क्षयाच्या जंतूंवरचा रामबाण म्हणून मात्र त्यांनी त्याचा डंका पिटला नाही.

१९३० च्या दशकात व्हिएन्नात अर्न्स्ट श्पेथ यांनी व्हॅसिसीनच्या रेणूची रचना उलगडण्याच्या कामात मोठी भर घातली. हरमल नावाच्या अगदी वेगळ्या कुळातल्या झुडपात सापडणारं पेगानीन आणि अडुळशातलं व्हॅसिसीन एकच आहे, हेही त्यांच्या संशोधनातून पुढे आलं. १९५९ मध्ये अमीन आणि मेहता यांनी ‘नेचर’मध्ये अडुळशातल्या व्हॅसिसिनोन या दुसऱ्या अल्कलॉइडची माहिती दिली. हवा लागून व्हॅसिसीनचं ऑक्सिडीकरण झालं की हे बनतं.

रेणूची रचना हाती आली की रसायनशास्त्रज्ञ त्यात फेरफार करून पाहतात. जर्मनीतल्या बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी व्हॅसिसीनचा नमुना पुढे ठेवून नवे रेणू घडवले. त्यांतून १९६३ मध्ये बाजारात आलं ब्रोमहेक्झिन. नावातलं ‘ब्रोम’ म्हणजे रेणूत बसवलेले ब्रोमिनचे दोन अणू. ते अडुळशात नव्हते, ती माणसाची भर. या औषधामुळे श्वासनलिकेतला चिकट कफ पातळ होतो आणि खोकून बाहेर टाकायला सोपा जातो. ब्रोमहेक्झिनचं शरीरात रूपांतर होऊन जो एक रेणू बनतो तोच अँब्रॉक्सॉल. १९७९ पासून तो स्वतंत्र औषध म्हणून मिळू लागला.

त्याच बाटलीवर ग्वायफेनेसिन आणि मेंथॉल ही नावंही पुष्कळदा असतात. ग्वायफेनेसिनचं मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ग्वायकम नावाच्या वृक्षाच्या डिंकापर्यंत जातं आणि मेंथॉल पुदिन्याच्या जातीतल्या झाडांचं. एका चमचाभर औषधात तीन झाडांची कुळं नांदतात.

क्षयाच्या त्या श्लोकाचीही एक पुढची गोष्ट आहे. ब्रोमहेक्झिन आणि अँब्रॉक्सॉल यांचा प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूंवर परिणाम होतो, असा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून अडुळशाने क्षय बरा होतो असं कुणी समजू नये. काचेच्या नळीत दिसलेला परिणाम म्हणजे रोग्यावरचा इलाज नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणं, संध्याकाळी येणारा बारीक ताप, थुंकीत रक्त यांपैकी काही असेल तर काढ्यावर एक दिवसही घालवू नये. थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आणखी एक गोष्ट काढ्याच्या पाककृतींसोबत छापली जायला हवी, पण क्वचितच छापली जाते. प्रसूती लवकर व्हावी म्हणून अडुळसा वापरण्याची रीत देशाच्या काही भागांत होती. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॅसिसीनचा अभ्यास केला तेव्हा ते गर्भाशयाचं आकुंचन घडवतं हे स्पष्ट झालं. त्यामुळे गरोदर बाईला अडुळशाचा रस किंवा काढा देऊ नये, घरचा म्हणूनसुद्धा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, तेव्हा मधातलं चाटणही त्याच्यासाठी नाही. दम्याचा ठसका उठला असेल तर पंप हाताशी हवा.

या वंशावळीकडे पाहताना दोन टोकाची बोलणी कानावर येतात. एक म्हणतात, सगळं आमच्या ग्रंथांत आधीच होतं. दुसरे म्हणतात, झाडपाल्याला काय अर्थ आहे. दोन्ही मला पटत नाहीत. ब्रोमहेक्झिन ग्रंथांत नव्हतं आणि मोजून मापून मात्रा देता येणं ही फार मोठी मिळकत आहे. पण अडुळशाचं पान आधी परतायला हवं, ते खोकल्याला द्यायचं, हे पिढ्यान्पिढ्या जपणाऱ्या लोकांनी बोट दाखवलं नसतं तर उटकमंडच्या हूपरनी नेमकं हेच पान कशाला हाती घेतलं असतं?

आता गावोगावी हिरवी कुंपणं जाऊन चिऱ्याचे गडगे, काँक्रीटचे खांब आणि काटेरी तारा येत आहेत आणि त्यांच्याबरोबर अडुळसाही चालला आहे. त्याला जागा फार लागत नाही, लाडही लागत नाहीत. जूनच्या पहिल्या पावसात जून फांदीचा चार-पाच पेरांचा तुकडा घ्या, दोन पेरं मातीत जातील असा खोचा, पाणी साचू देऊ नका. शहरात मोठा ड्रम किंवा सोसायटीच्या भिंतीकडेची जागा पुरते. फांदी मागायला संकोच करू नका. ज्याच्याकडे अडुळसा आहे त्याला तो वरचेवर छाटावाच लागतो.