भायखळ्याचं म्युझियम आणि नाव नसलेली माणसं

भायखळा म्हटलं की बहुतेकांना राणीची बाग आठवते, आणि राणीची बाग म्हटलं की प्राणी (हल्ली पेंग्विन!). पण बागेच्या तोंडाशीच मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम उभं आहे, ते मात्र पुष्कळ जणांच्या नजरेतून सुटतं. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. शनिवार मोकळा होता, म्हणून जाऊन आलो. तासाभरात बघून होईल असं वाटलं होतं, साडेतीन तास गेले.

या म्युझियमची स्वतःचीच गोष्ट भारी आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर जिकडेतिकडे प्रदर्शनांचं वारं सुटलं. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी इथून माल गोळा झाला आणि त्यातूनच मुंबईचा स्वतःचा संग्रह उभा राहिला. तो फोर्टातल्या एका बराकीत ठेवला होता. मग आलं १८५७. लष्कराला बराक हवी झाली आणि संग्रह चक्क बाहेर काढला गेला, बरंच सामान त्यात खराब झालं. पुढे जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी पुन्हा जुळवाजुळव केली. १८६२ साली पायाभरणी झाली. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, वर्गणीला तोटा नव्हता. १८६५ साली युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर कोसळले आणि बांधकामही रखडलं. शेवटी सरकारनं हात दिला आणि १८७२ साली दारं उघडली. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर अर्धवट राहिलेली प्रोजेक्ट्स ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल :)

तेव्हाचं नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ते बदलून भाऊ दाजींचं नाव द्यायला १९७५ साल उजाडलं. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतले डॉक्टर, वर संस्कृतचे आणि शिलालेखांचे अभ्यासक, आणि मुंबईचे शेरीफही. म्युझियम उघडल्यावर दोनच वर्षांनी, १८७४ साली ते गेले. इमारतीची पुढे फार दुर्दशा झाली होती. पालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ती दुरुस्त केली आणि २००८ साली ती पुन्हा खुली झाली. आतला रंग, सोनेरी नक्षी, बिडाचे खांब... छताकडे बघून मान दुखते.

बाहेर एक दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. मग ते तुकडे इथे आले आणि १९१४ साली जोडले गेले. रस्त्यांवरून हलवलेले इंग्रजी पुतळेही याच परिसरात आहेत. काळा घोडा या नावामागचा मूळ घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ साली इकडेच आला. थोडक्यात काय, मुंबईनं जे मोडलं, जे नको म्हटलं, ते भायखळ्यानं सांभाळलं.

पण मला सगळ्यात जास्त वेळ थांबवलं ते वरच्या मजल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांनी. वेगवेगळ्या जातींची आणि धंद्यांची माणसं. प्रत्येकाची पगडी वेगळी, बसण्याची ढब वेगळी, काम अगदी बारकाईनं केलेलं. आणि प्रत्येकाखाली पाटी, त्यावर जात किंवा धंदा. नाव नाही. एखाद्या डेटाबेसच्या टेबलमध्ये सगळे कॉलम भरावेत आणि नावाचा कॉलम केलेलाच नसावा, तसं. पुतळे ज्यांचे आहेत, देणग्या ज्यांनी दिल्या, त्यांची नावं मात्र दगडात कोरलेली.

हे करणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्या काळी माणसं मोजायची पद्धतच तशी होती. पण मोजण्याची आपली पद्धत फार बदलली आहे का? म्युझियममधून बाहेर पडून लालबाग-परळकडे चालत निघालात की गिरणगाव लागतं. १८ जानेवारी १९८२ ला तिथे संप सुरू झाला. त्याबद्दल कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास ऐकू येतात: दत्ता सामंतांचं नाव आणि "अडीच लाख कामगार". एक नाव आणि एक आकडा. त्या अडीच लाखांतलं एखादं नाव तुम्हाला घरातलं म्हणून ठाऊक असेल, तर ते बहुधा घरातच राहिलं असेल.

हत्तीचे तुकडे पन्नास वर्षांनी का होईना जोडता आले, कारण कुणीतरी ते टाकून दिले नव्हते. माणसांच्या बाबतीत तुकडे म्हणजे पगाराची पावती, गिरणीचा पास, चाळीतल्या गणपतीचा फोटो. हे सगळं माळ्यावरच्या ट्रंकेत असतं आणि घर रिडेव्हलपमेंटला गेलं की आधी भंगारात जातं. तर मंडळी, ट्रंक रिकामी करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि फोटोमागे पेन्सिलनं नावं लिहून घ्या. ते काम कुठलंही म्युझियम आपल्यासाठी करू शकत नाही.

असो. जाणार असाल तर वेळ काढून जा, आणि बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बंद असतं.