शिंदी, चादर आणि क्राफ्ट बिअर

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, पुण्यात ठिकठिकाणी ब्रूपब निघालेत. तिथंच बनवलेली बिअर आणि सोबत पिझ्झा-पास्ता. सोलापुरात असं काही काढलं तर गाव काय म्हणेल?" भोवतीचे सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी जाताना वाटलं, हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. या गावात पेयाचा इतिहास रक्तानं लिहिलेला आहे. तेव्हा आज त्याचंच उत्तर शोधू.

आधी ब्रूपब म्हणजे काय ते बघू. बार्लीचं माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी घेऊन जिथं बिअर तयार होते, तिथंच ती विकली जाते. टाक्या काचेआड दिसतात. बनवणारा आणि पिणारा एका छपराखाली. आता हे नवीन आहे का? आपल्या शिंदीकडं बघा. संध्याकाळी झाडाला खाच पाडून मडकं बांधायचं. पहाटे उतरवलं तर गोड नीरा. ऊन चढलं की यीस्ट कामाला लागतं आणि दुपारपर्यंत तिची शिंदी होते. ती टिकत नाही, लांब पाठवता येत नाही. म्हणून काढणारा आणि पिणारा एकाच पंचक्रोशीतले. ब्रूपबचं तत्त्व यापेक्षा फार वेगळं नाही.

मग हे मोडलं कुठं? दोन साल लक्षात ठेवा. १८७७ साली सोलापुरात कापडाची गिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी मिल. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. कापड हातमागावरून गिरणीत जाऊ लागलं, आणि पेय झाडाखालून परवान्यात गेलं. झाडागणिक कर बसला, विक्रीचे मक्ते लिलावात निघाले. दोन्हीकडं एकच घडलं. हात तोच राहिला, पण हिशेबाची वही दुसऱ्याकडं गेली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मे १९३०. गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडं तोडत होते. पोलीस आले, धरपकड झाली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. आजही चार पुतळ्यांवरून जाताना आपली मान आपोआप लवते.

पण झाडानं काय केलं होतं? आम्ही वर्गात सांगायचो की कुऱ्हाड दोन गोष्टींवर पडत होती. एक व्यसनावर, कारण गिरणीतला पगार गुत्त्यात जायचा आणि चूल विझायची. दुसरी सरकारच्या अबकारी उत्पन्नावर. तिसरी गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. ते झाड कुणाचं तरी पोट होतं. शिंदी काढणाऱ्याचं नाव आपल्या कुठल्याच पुतळ्याखाली नाही. चळवळीचं मोल यानं कमी होत नाही, पण हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचं उद्दिष्ट आलं. त्याच्या आधीच, १९४९ साली, मुंबई दारूबंदी कायदा झाला. तो आजही आहे. कायद्यानं प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि त्याच कायद्याच्या सावलीत सरकारची तिजोरी भरते. निषेध आणि उत्पन्न एकाच ताटात!

आता या २००९ मध्ये. भारतातल्या अगदी पहिल्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी एक पुण्यात निघाली. नाव 'डूलाली'. हा शब्द म्हणजे आपल्या नाशिकजवळचं देवळाली. तिथल्या छावणीत घरी जायच्या बोटीची वाट बघता बघता गोरे सोल्जर वेडेपिसे होत, म्हणून इंग्रजीत वेड लागण्यालाच डूलाली म्हणू लागले. मराठी गाव विलायतेला गेलं आणि बिअरचं नाव होऊन परत आलं.

आणि सोबत पिझ्झा का? दोघांचं यीस्ट सख्खं आहे. गोव्यात पोदेर माडाच्या सुरेनं पावाचं पीठ फुगवत असत. म्हणजे पाव आणि पेय एकाच मडक्यातून यायचं. पिझ्झा तर नेपल्समध्ये गरिबाचं खाणं होतं, आपल्याकडच्या भाकरी-चटणीसारखं. कष्टकऱ्याचं ताट वर्ग बदलून वातानुकूलित जागेत आलं, इतकंच.

इथं सोलापूरकराला 'क्राफ्ट' हा शब्द टोचला पाहिजे. पद्मशाली विणकरांचा हातमाग पॉवरलूमनं हटवला. आता 'हातमाग' अशी चिठ्ठी लावली की किंमत चढते. यंत्र जिंकल्यावरच हाताला भाव येतो, पण तो मूळच्या हातापर्यंत पोचतो का? शिंदी काढणाऱ्याचा नातू त्या काचेआडच्या टाकीपाशी उभा असतो, की बाहेर दुचाकी पार्क करून देत असतो?

तेव्हा त्या तरुणाला आमचं उत्तर असं. हुतात्म्यांचा अपमान होईल, असं आम्ही म्हणणार नाही. पण काढायचाच असेल तर तीन प्रश्नांची उत्तरं आधी दे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात टाकीला पाणी कुठलं? १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टची आयात बंद झाल्यावर नायजेरियानं ज्वारीची बिअर केली. मग मंगळवेढ्याच्या मालदांडीला तुझ्याकडं जागा आहे का? आणि पगाराच्या दिवशी घरी वाट बघणाऱ्या बाईला तू काय सांगणार?

पहिल्या दोन्हींची उत्तरं तंत्रज्ञ देतील. तिसऱ्याचं उत्तर १९३० मध्ये कुऱ्हाडीनं दिलं गेलं, १९४९ मध्ये कायद्यानं. दोन्ही पुरली नाहीत. त्यावर आपणच बोलायला हवं. आता तुमचे प्रश्न घेऊ.