वसईच्या वाड्यांतली लिली

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली फ्रीझिया सुवासासाठी थंड देशांत हौसेने लावली जाते. तिच्या मायभूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. कंद गारव्यात वाढतो आणि उन्हाळाभर निजतो. वसईत सारेच उलटे. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, तोही उकाड्यात. निजलेला कंद अशा ओलीत कुजतो. आफ्रिकेतूनच आलेल्या ग्लॅडिओलसने पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यात जम बसवला. किनाऱ्यावरच्या वाड्यांना मात्र दुसरेच सुगंधी कंदफूल मानवले, स्पायडर लिली.

शेतकरी तिला नुसते लिली म्हणतात. ती उष्ण अमेरिकेच्या किनाऱ्यांवरची आणि आपल्या नागदवणीच्या कुळातली. पाने वर्षभर हिरवी राहतात, कंद पावसात तग धरतो आणि बुडाशी पिल्ले धरतो. ती वेगळी करून लावली की नवी लागवड झाली. फूल संध्याकाळी उमलते, म्हणून तोडणी कळीचीच. कळ्यांच्या जुड्या बाजारात जातात आणि वेण्या-हारांत गुंफल्या जातात.

पोर्तुगीजांना वसई मिळाली 1534 साली, चिमाजी अप्पांनी ती जिंकली 1739 मध्ये. इथल्या बागायतीची जुनी कीर्ती ऊस, केळी आणि पानवेलीची. विहिरीवर बैलांचा रहाट फिरे. फुलांचा धंदा फोफावायला जवळचे गिऱ्हाईक हवे होते, आणि ते रेल्वेने आणून दिले. 1867 साली विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत गाडी धावू लागली. पुढे दादरचा फुलबाजार वसला आणि पहाटेच्या लोकलने मोगरा, सोनचाफा, लिली अशी फुले तिथे जाऊ लागली. नाशवंत मालाला जमिनीच्या कसाइतकीच वेळेवरच्या गाडीची गरज असते.

विहिरींवर इंजिने आणि पंप आले तसा उपसा वाढला. त्यात टँकरने पाणी विकण्याच्या धंद्याने भर घातली आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी खारावू लागल्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि शेतजमीन हेच कळीचे प्रश्न होते. थोडा खारेपणा लिलीला सोसतो. केळीला तो फार बाधतो. इमारतींपुढे मात्र दोघींचाही निभाव लागत नाही. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तीत गावे घालण्यावरून मोठा वाद पेटला. फुलशेती आता मुख्यतः रेल्वेमार्गाच्या पश्चिमेकडच्या गावांत उरली आहे.